ईदच्या बोकडांना लस: टेम्पोतून उतरल्यापासून पुढे काय करायचं

“ताई, टेम्पो आला की लगेच टोचून घेऊ का? तेवढीच माणसं हाताशी असतात.” बकरी ईदसाठी बोकड भरायला, म्हणजे खुराक देऊन वाढवायला घेणारे दादा-वहिनी मला दरवर्षी हे विचारतात आणि मी दरवर्षी नको म्हणते. टेम्पोतून उतरलेला बोकड तहानलेला, गारठलेला, घाबरलेला असतो. लस म्हणजे औषध नाही. ती अंगात गेल्यावर रोगाशी लढायची ताकद बोकडाच्या शरीरानेच तयार करायची असते, आणि त्या दिवशी त्याच्यात ती करायचं बळ नसतं. लस वाया जाते, आणि मालक मात्र “आमची लस झालीय” म्हणून निर्धास्त राहतो. हा निर्धास्तपणा फार महागात पडतो.

मी माणदेशात पशुसखी म्हणून काम करते. गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांवरच्या शेळ्या-बोकडांचं लसीकरण, जंताचं औषध, वजनं आणि नोंदी हे माझं काम. आजारी जनावराला काय द्यायचं हे पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर ठरवतात. इथे लिहितेय ते निरोगी बोकडाला छातीच्या आजारापासून वाचवण्याबद्दल. नेमकी लस आणि मात्रा तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

बोकड बाजारातून आल्यावरच का खोकतात

भरणीसाठी बोकड घेतले जातात ते बहुतेक थंडीत. २०२५ मध्ये ईद ७ जूनला होती आणि ती दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. पाच-सहा महिने खुराक द्यायचा तर खरेदी डिसेंबर-जानेवारीत येते. म्हणजे लोणंद, सांगोला, आटपाडी अशा बाजारांतून चार-पाच कळपांतली बोकडं एकत्र करायची, रात्रीच्या गार वाऱ्यात उघड्या टेम्पोतून आणायची आणि सकाळी अनोळखी शेडमध्ये अनोळखी बोकडांसोबत सोडायची. वर चारा बदललेला, पाणी बदललेलं.

निरोगी शेळीच्या नाका-घशातसुद्धा पाश्चुरेला आणि मॅनहिमिया नावाचे जिवाणू असतात. एरवी ते काही करत नाहीत. जनावर थकलं, गारठलं, शेडमध्ये धूळ आणि मुताचा वास कोंडला, की हेच जिवाणू खाली फुफ्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. अमेरिका-कॅनडात हजारो वासरं एका जागी आणून खुराकावर वाढवतात, तिथेही वाहतुकीनंतरचा असा न्यूमोनिया हीच मोठी डोकेदुखी आहे. तिकडे त्याला ‘शिपिंग फीवर’ म्हणतात. जनावर वेगळं असलं तरी चाल तीच.

पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग ही त्याहून भयंकर गोष्ट. तो विषाणूने होतो, जुन्या माणसांना आठवत असलेल्या गाई-बैलांच्या बुळकांडीच्या विषाणूच्याच कुळातल्या. भारतात तो पहिल्यांदा १९८७ मध्ये तामिळनाडूतल्या अरसूर गावात सापडला. ताप १०४ ते १०६ अंशांवर जातो, नाकाडोळ्यांतून आधी पाणी आणि मग घट्ट शेंबूड येतो, हिरड्या-जिभेवर कोंडा लावल्यासारखे फोड येतात, तोंडाला घाण वास येतो, पातळ हगवण लागते आणि धाप लागते. विषाणू अंगाची ताकद काढून घेतो, मागून पाश्चुरेला येऊन फुफ्फुस धरतो. बरीच बोकडं शेवटी जातात ती न्यूमोनियानेच. विषाणूवर औषध नाही. पण लस आहे, आणि ती फार चांगली आहे. आपल्याकडची ‘सुंगरी ९६’ ही लस भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात तयार झाली. एकदा नीट टोचली तर निदान तीन वर्षं संरक्षण राहतं. म्हणजे ईदच्या बोकडाला एकच टोचणी आयुष्यभर पुरते. ती एक टोचणी वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप.

खरेदी करतानाच अर्धं काम होतं

जमेल तर बाजारातून घेण्याऐवजी गावातल्या शेळीवाल्यांकडून उचला. त्यांच्याशी आधी बोलून ठेवा आणि माल न्यायच्या दोन-तीन आठवडे आधीच त्यांच्या दारात पीपीआरची लस करून घ्या. बोकड आपल्या आईजवळ, आपल्या चाऱ्यावर, शांत असतो, तेव्हा लस उत्तम लागू पडते. प्रवासाला निघेपर्यंत त्याचं अंग तयार झालेलं असतं. सरकारी मोहिमेत ही लस मोफत असते, त्यामुळे शेळीवालाही नाही म्हणत नाही. मला विचाराल तर यासारखी दुसरी पद्धत नाही. बोकडामागे शे-दोनशे रुपये जास्त मोजावे लागले तरी मोजा.

बाजारातूनच घ्यायचं असेल तर हेडी (जनावरांचा व्यापारी) “लस झालेली आहे” असं सांगणारच. कानात टॅग नाही, कागद नाही, तर लस झालेली नाही असंच धरा. आधी झालेली असली आणि पुन्हा टोचली, तरी पीपीआरच्या लसीने अपाय होत नाही. उगाच शंकेत राहू नका.

आणि वय बघा. स्वस्त मिळतात म्हणून अडीच-तीन महिन्यांची करडं उचलू नका. आईला लस झाली असेल तर चिकातून आलेली प्रतिकारशक्ती करडाच्या अंगात तीन-चार महिने असते आणि तीच लशीला निकामी करते. चार महिने पूर्ण झालेलं जनावर घ्या. तसंही ईदला वर्ष पूर्ण झालेला, दोन दाती बोकडच लागतो, तेव्हा थंडीत घेतलेला माल सहा-सात महिन्यांच्या पुढचाच असायला हवा.

पहिला आठवडा: टोचायचं काही नाही

नवा माल जुन्या बोकडांपासून लांब ठेवा. एकाच शेडमध्ये मधे जाळी मारून चालत नाही. शिंकेतून, खोकल्यातून, एकाच पाण्याच्या टाकीतून पीपीआर पसरतो. तीन आठवडे वेगळी जागा, वेगळी बादली, वेगळी गव्हाण. कामाला जाताना आधी जुन्या मालाचं आवरायचं, नव्याकडे शेवटी जायचं. धनगरांचे कळप शेजारच्या रानात उतरले असतील तर एकाच तळ्यावर पाणी पाजू नका, कारण हा रोग मेंढ्यांकडून शेळ्यांना आणि शेळ्यांकडून मेंढ्यांना असा दोन्हीकडे जातो. त्यांचंही नुकसान, आपलंही.

पहिल्या दिवशी पाणी, गुळाचं पाणी, वाळला चारा. खुराक नाही. मक्याचा भरडा दोन-तीन दिवसांनी चिमूटभर सुरू करून आठवडाभरात वाढवा. एकदम दिला की पोट बिघडतं, आणि पोट बिघडलेल्या बोकडात लस रुजत नाही.

रोज सकाळी ऊन वर यायच्या आत थर्मामीटर लावा. दुपारी लावलं तर उन्हानेच पारा चढतो आणि काही कळत नाही. शेळीचं अंग माणसापेक्षा गरमच असतं, १०२ ते १०३.५ हा तिचा नेहमीचा आकडा. १०४ च्या वर गेलं, नाक वाहतंय, कान पडलेत, गव्हाणीकडे येत नाही, असं काही दिसलं तर तो बोकड बाजूला आणि डॉक्टरांना फोन. पीपीआर अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण चार-सहा दिवस लागतात, कधी दहाही. म्हणजे बाजारातून रोग घेऊन आलेला बोकड याच आठवड्यात उघडा पडतो. हा आठवडा पाळण्याचं हेही एक मोठं कारण.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी जंताचं औषध, वजन करून. अंदाजे पाजू नका. पोटात जंत भरलेल्या जनावराचं सगळं रक्त तिकडेच जातं.

काही मोठ्या शेडवाल्यांकडे आल्या दिवशीच पीपीआर टोचतात. त्यांचं म्हणणंही मला समजतं: साथ दारात असेल तर आठवडाभर थांबायला वेळ कुठे आहे? आसपास खरोखर मर सुरू असेल तर डॉक्टर तसं सांगतील आणि तेव्हा त्यांचं ऐका. साथ नसताना मात्र सात-आठ दिवसांची विश्रांती द्या. विश्रांती घेतलेला, रवंथ करणारा, सकाळी गव्हाणीवर धक्काबुक्की करणारा बोकड हाच लशीचा बोकड.

बाटली

लसीकरण फसतं ते बहुतेक वेळा सुईत नाही, बाटलीत फसतं. पीपीआरची लस जिवंत विषाणूची असते, फक्त त्याची रोग करायची ताकद काढून घेतलेली असते. तो विषाणू मेला की तुम्ही टोचता ते नुसतं पाणी, आणि बघून काही कळत नाही. त्याला मारायला उन्हात अर्धा तास ठेवणंसुद्धा पुरतं.

दवाखान्यातून लस आणायची ती बर्फाच्या पेट्या घातलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधूनच. खिशात नाही, डिकीत नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून नाही. कॅरियर नसेल तर मोठ्या तोंडाचा थर्मास आणि भरपूर बर्फ. घरच्या फ्रीजमध्ये रात्रभर ठेवायची वेळ आली तर मधल्या कप्प्यात, दारात कधीच नाही, आणि आमच्यासारखी रात्रीची वीज जात असेल तर फ्रीजच्या भरवशावर राहूच नका. टोचायच्या दिवशी सकाळीच आणा.

घटसर्प (पाश्चुरेलामुळे घसा सुजवणारा आजार) आणि आंत्रविषार (आतड्यात जंतूंचं विष तयार होणारा आजार) यांच्या लशी पीपीआरच्या लशीच्या उलट्या असतात. त्या मेलेल्या जंतूंच्या किंवा निकामी केलेल्या विषाच्या असतात, तेलात नाहीतर तुरटीत बांधलेल्या. त्या गोठल्या की कायमच्या बाद. म्हणून त्या बर्फाला थेट टेकवून ठेवू नका, मधे कागदाची घडी घाला. एकाच पेटीत दोन्ही आणताना लोक हे हमखास विसरतात.

पीपीआरच्या कुपीत तळाला पांढरट सुकी वडी असते आणि सोबत पातळ करायच्या द्रावणाची बाटली येते. द्रावणही गारच हवं. सिरिंजमध्ये थोडं द्रावण घ्या, सुई कुपीच्या रबरातून आत घाला आणि अंगठा दट्ट्यावरून काढा. कुपी आतून हवा काढून बंद केलेली असते, त्यामुळे द्रावण आपोआप आत ओढलं जातं. ते तुमच्या डोळ्यांना दिसलं पाहिजे. ओढलं गेलं नाही तर कुपीत हवा शिरलेली आहे, ती वापरू नका, परत करा. वडी विरघळली की हलकेच गोल फिरवा. ताकासारखं घुसळून फेस आणू नका. मग सगळं द्रावणाच्या मोठ्या बाटलीत मिसळा आणि बाटली पुन्हा बर्फात. इथून घड्याळ सुरू. दोन तासांत संपवायची. उरली तर उद्यासाठी नाही, उकळून फेकायची. त्यामुळे शंभर मात्रांची कुपी फोडायच्या आधी शेजारच्या दोन-तीन घरांना बोलावून घ्या. एकट्याचे पंधरा बोकड आणि बाकीची लस गटारात, असं करू नका.

सिरिंज डेटॉलने किंवा स्पिरिटने आतून धुऊ नका. थेंबभर उरलं तरी लस मरते. डिस्पोजेबल सिरिंज घ्या. काचेची उकळून वापरणार असाल तर पूर्ण गार होऊ द्या.

टोचणी

सकाळी लवकर. एकाने बोकड भिंतीला लावून मान आणि छाती दोन्ही हातांनी धरायची, शिंगाला लोंबकळायचं नाही. ईदच्या बोकडाचं शिंग मुळातून मोडलं की गिऱ्हाईक संपलं. पळवापळवीही नको. आदल्या संध्याकाळीच लहान जागेत घेऊन ठेवा, म्हणजे सकाळी हात घातला की हाती येतो.

मानेच्या बाजूला मधोमध, खांद्याच्या पुढे, जिथे कातडी सैल असते, तिथे कोरडी आणि स्वच्छ जागा बघा. ओल्या, लेंड्या लागलेल्या केसांतून टोचलं की गळू आलंच. डाव्या हाताच्या अंगठा आणि दोन बोटांनी कातडी उचलली की आत एक पोकळ घडी तयार होते. सुई त्या घडीच्या बुडाशी, आडवी, मानेला जवळजवळ समांतर घाला. टोक आत मोकळं हलत असेल तर ते कातडीखाली आहे. अडकल्यासारखं वाटलं तर मांसात गेलंय, थोडं मागे घ्या. पलीकडून बोटाला ओलं लागलं तर सुई आरपार गेली आणि लस केसांवर सांडली. तो बोकड पुन्हा टोचायचा. दट्ट्या जरा मागे ओढून रक्त येत नाही ना ते बघा आणि मग सावकाश १ मिली सोडा. लहान बोकडाला अर्धा आणि मोठ्याला एक असं नसतं, लशीची मात्रा वजनावर नाही. सुई काढली की जागेवर बोट ठेवून दोन क्षण चोळा.

प्रत्येक बोकडाला नवी सुई. सुई काही रुपयांची, बोकड हजारोंचा. एकाच सुईने गळवांचे जंतू एकातून दुसऱ्यात जातात आणि मग मानेवर गाठ असलेला बोकड बाजारात उभा राहतो. घेणारा कान, दात, शिंग, डोळे, सगळ्या अंगावर हात फिरवून बघतो आणि त्याचं बरोबरच आहे, कुर्बानीला ऐब (व्यंग) चालत नाही. बाटलीतून लस काढायला एक स्वच्छ सुई बाटलीतच खोचून ठेवा. टोचलेली सुई पुन्हा बाटलीत घालायची नाही.

टोचून झाल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. क्वचित एखाद्या बोकडाला लस सोसत नाही: तोंडाला फेस, थरथर, खाली बसणं, धाप. हे मिनिटांत होतं. म्हणून डॉक्टर किंवा त्यांची औषधाची पेटी जवळ असताना लसीकरण करा. दुसऱ्या दिवशी थोडा ताप, जरा सुस्ती एवढं चालतं, दोन दिवसांत जातं. त्या दिवशी खच्चीकरण, कान टोचणं, लांबचा प्रवास यातलं काही करू नका. संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. तोवर नवा माल जुन्यात मिसळायचा नाही.

बाकीच्या दोन लशी

पीपीआरनंतर साधारण तीन आठवड्यांनी घटसर्पाची. तिची मात्रा बाटलीवर वाचा, कारण तेलातली वेगळी आणि तुरटीतली वेगळी, आणि गाई-म्हशींची मात्रा बोकडाला द्यायची नसते. रिवाज पावसाळ्यापूर्वी मे-जूनमध्ये द्यायचा आहे, पण थंडीत भरलेल्या मालाला मेपर्यंत थांबून उपयोग नाही आणि ईदच्या तोंडावर तेलाची लस टोचली तर मानेत गाठ राहते. बाटलीवर मांसासाठी किती दिवस थांबायचं तेही लिहिलेलं असतं, ते पाळा. आणि हे लक्षात घ्या की ही लस पाश्चुरेलाच्या काही प्रकारांवरच चालते, मॅनहिमियावर नाही. “घटसर्प टोचला म्हणजे न्यूमोनिया येणार नाही” असं मी कुणालाच सांगत नाही.

आंत्रविषार छातीचा आजार नाही, पण खुराकावरच्या बोकडाला ती लस हवीच. तिला दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते. पहिलीवर थांबलात तर काही मिळालं नाही.

लशीला जे जमत नाही ते शेडने करायचं

थंडीत लोक शेडला चारी बाजूंनी ताडपत्री आवळतात. सकाळी आत गेलं की डोळ्यांना पाणी येतं. तुमच्या डोळ्यांना झोंबतं ते बोकडाच्या श्वासनळीला रात्रभर झोंबलेलं असतं, आणि नळीचं आतलं अस्तर खराब झालं की जिवाणूंना खाली जायला वाट मोकळी. ताडपत्री बोकडाच्या उंचीपर्यंतच बांधा, वर छतालगत हवा जायला जागा ठेवा. खाली चुना आणि कोरडा पाचोळा टाका, लेंड्या रोज काढा. कडबा कुट्टीवर पाण्याचा हलका शिडकावा करा, धूळ बसते. एका बोकडाला दहा-बारा चौरस फूट जागा द्या. वीस बोकडांच्या जागेत तीस भरले की सगळ्या लशी करूनही खोकला ऐकू येणारच.

तरीही मर लागली तर

आजारी बोकड वेगळे करा, विकू नका. आजारी माल बाजारात नेला की तो चार गावांत रोग घेऊन जातो, आणि पुढच्या वर्षी तोच रोग आपल्याच शेडमध्ये येतो. पीपीआर हा २००९ च्या कायद्यानुसार कळवावा लागणारा रोग आहे. जवळच्या दवाखान्याला किंवा १९६२ वर फोन करा. ते नमुने घेतील, आजूबाजूच्या निरोगी जनावरांना लस करतील. आजारी बोकडाला लस टोचू नका, आणि मेडिकलवाल्याने दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने देऊ नका. दोन दिवस तरतरी दिसते, पण लढायची ताकद खाली जाते.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील: लस कधी केली, कुठली, बाटलीचा बॅच नंबर काय? त्यासाठी शेडच्या दाराला दोरीने वही बांधून ठेवा. कानातल्या टॅगचा नंबर, आल्याची तारीख, कुठल्या बाजारातून, जंताचं औषध, लशीचं नाव, बॅच, मुदत, कुणी टोचली. ईदला कान बघणारं गिऱ्हाईक नाराज होईल म्हणून कुणाला टॅग नको असतो, तिथे गळ्यातल्या पट्ट्यावर नंबर लिहिला तरी चालेल. मेलेला बोकड ओढ्यात टाकायचा नाही. खोल खड्डा, खाली-वर चुना. शेवटचा बोकड बरा झाल्यावर शेड धुऊन, चुना मारून तीन आठवडे रिकामी ठेवायची, कितीही स्वस्त माल मिळत असला तरी.